मेक्सिकोच्या पंगतीत वर्ध्याचा माणूस

मेक्सिको सिटीच्या जुन्या भागात शिक्षण मंत्रालयाची दगडी इमारत आहे. पूर्वीच्या ननांच्या मठाच्या जागेवर ती १९२२ मध्ये उभी राहिली. आत दोन प्रशस्त चौक, चौकांभोवती तीन मजले ओसऱ्या, आणि ओसऱ्यांच्या भिंतींवर दिएगो रिवेरानं १९२३ ते १९२८ या काळात रंगवलेली भित्तिचित्रं. वरच्या मजल्यावरच्या एका चित्रात पंगत बसली आहे. टेबलाभोवती नाना वर्णांची माणसं दाटीवाटीनं बसलेली. मागे डोक्यावर फळांची टोपली घेतलेली एक बाई. आणि टेबलाच्या मध्यभागी बसलेला माणूस पाव मोडतो आहे. चित्राच्या नावातच पाव आहे, ख्रिस्ती प्रार्थनेतल्या ‘रोजच्या भाकरी’ची आठवण करून देणारा.

हा पाव मोडणारा माणूस वर्ध्याचा. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे.

आपल्याकडे ज्यांना हे नाव ठाऊक आहे, त्यांना ते गदर चळवळीमुळे. परदेशी जाऊन इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचललेल्या क्रांतिकारकांच्या यादीत त्यांची एक ओळ असते. यादी पुढे सरकते, खानखोजे तिथेच राहतात. मेक्सिकोत मात्र त्यांची ओळख मक्याची नवी वाणं काढणारा आणि शेतकऱ्यांना फुकट शिकवणारा प्राध्यापक अशी आहे. एकाच माणसाची ही दोन आयुष्यं. त्यांतलं दुसरं आपण फारसं मनावर घेतलेलं नाही, आणि ते पहिल्यापेक्षा उणं तर मुळीच नाही.

पहिलं आयुष्य थोडक्यात असं. नागपुरात शिकत असतानाच टिळकांच्या विचारांनी भारलेला हा मुलगा घर सोडून निघाला आणि जपानमार्गे अमेरिकेत पोचला. पडेल ते काम करत त्यानं दोन विद्या एकाच वेळी शिकायचा घाट घातला: लढाईची आणि शेतीची. कॅलिफोर्नियातल्या सॅन राफाएलच्या सैनिकी अकादमीत कवायत, आणि पुढे पश्चिम किनाऱ्यावरच्या कृषी महाविद्यालयांत पिकांचा अभ्यास. १९१३ मध्ये गदर पक्ष उभा राहिला तेव्हा संस्थापकांत खानखोजे होते. पहिल्या महायुद्धात ते इराण आणि बलुचिस्तानच्या सरहद्दीवर गेले, भटक्या टोळ्यांबरोबर राहिले, इंग्रज फौजेशी लढले, पकडले गेले, निसटले. युद्ध संपलं तेव्हा गदरचा उठावही फसलेला होता. मग बर्लिन, मग मॉस्को. चाळिशीच्या आसपासचा माणूस. मायदेशी परतलं तर तुरुंग, आणि परदेशात कुठेच बूड टेकायला जागा नाही. १९२४ मध्ये ते मेक्सिकोला आले.

जागा मिळाली ती जुन्या ओळखीमुळे. रामोन दे नेग्री हे पूर्वी सॅन फ्रान्सिस्कोत मेक्सिकोचे वाणिज्यदूत होते, कॅलिफोर्नियातल्या दिवसांपासून खानखोज्यांना ओळखणारे. आता ते मेक्सिकोच्या कृषी खात्याच्या वरिष्ठ वर्तुळात होते. राजधानीच्या पूर्वेला चापिंगो इथे राष्ट्रीय कृषी विद्यालय नुकतंच हलवलं होतं, तिथे खानखोज्यांना शिकवण्याचं काम मिळालं. चापिंगोची ही वास्तू म्हणजे एका माजी राष्ट्राध्यक्षाची जहागीर. मालकाची शेती गेली, शेतकऱ्यांच्या पोरांची शाळा आली. तिथलं देवघर रिवेरानं पुढे जमीन, बी आणि माणूस यांच्या चित्रांनी असं काही भरून टाकलं, की आज जगभरातून लोक ते पाहायला येतात.

नशीब खानखोज्यांचं बलवत्तर होतं हे खरं, पण तेव्हाचा मेक्सिको हाच मुळात पुन्हा पाटी हातात घेतलेला देश होता. १९१० ते १९२० अशी दहा वर्षं क्रांती आणि यादवी. लाखो माणसं गेली, शेतं ओस पडली. जे उरले त्यांतल्या दोन तृतीयांश लोकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. अशा देशात १९२१ मध्ये नवं शिक्षण मंत्रालय स्थापन झालं आणि त्याची सूत्रं होसे वास्कोन्सेलोस या वकिलाच्या हाती आली. हा गृहस्थ हट्टी, भपकेबाज आणि अफाट कामाचा. तो मंत्रिपदावर तीन वर्षंही पुरता राहिला नाही. तेवढ्यात त्यानं शाळा काढल्या, चित्रकारांना भिंती दिल्या, आणि देशभर वाचनालयांचं पेव फुटावं तशी ती उघडली. दोन हजारांच्या आसपास.

वाचनालय म्हटल्यावर इमारत, कपाटं, टेबलं डोळ्यांपुढे येतात. यातली पुष्कळशी तशी नव्हती. दुर्गम गावांसाठी पुस्तकांच्या पेट्या तयार केल्या जात. पेटीत थोडकीच पुस्तकं: वाचनमाला, अंकगणित, शेती, भूगोल, आणि काही अभिजात साहित्य. पेटी खेचराच्या पाठीवर चढवायची, डोंगर ओलांडून गावात न्यायची आणि शिक्षकाच्या ताब्यात द्यायची. शिक्षक हाच ग्रंथपाल. या सगळ्या खटाटोपाचा कारभार वास्कोन्सेलोसनं हाइमे तोरेस बोदे नावाच्या कवीकडे सोपवला. त्याचं वय तेव्हा विशीचं! चिलीहून गाब्रिएला मिस्त्राल या कवयित्रीला मुद्दाम बोलावून घेतलं. तिनं खेड्यांतल्या शाळा-वाचनालयांचं काम पाहिलं, स्त्रियांसाठी एक वाचनमाला तयार केली. पुढे १९४५ मध्ये तिला साहित्याचं नोबेल मिळालं.

सरकारनं स्वतः हजारो प्रतींनी छापलेल्या हिरव्या कापडी बांधणीच्या पुस्तकांची तर मेक्सिकोत दंतकथाच झाली. होमर, प्लेटो, दान्ते, गटे, टॉलस्टॉय. आणि रवींद्रनाथ टागोर! खेचराच्या पाठीवरून टागोर मेक्सिकोच्या डोंगराळ मुलखात पोचले, ते वर्ध्याचा माणूस तिथे पाय ठेवण्याआधी.

टीका व्हायची ती झालीच. ज्यांना अक्षरओळख नाही त्यांना प्लेटो कशाला? राष्ट्राध्यक्ष ओब्रेगॉन यांचा एक किस्सा सांगतात. प्रवासात त्यांना भेटलेल्या एका खेडुताला आपल्या गावाचं नावही सांगता येईना. ओब्रेगॉन सोबतच्या माणसाला म्हणाले, याला वास्कोन्सेलोसच्या अभिजात ग्रंथांचा एक संच धाडून द्या. टोमणा झकास आहे, आणि अगदीच गैरही नाही. पण वास्कोन्सेलोसचा हिशेब वेगळा होता. गरिबाला द्यायचं ते उरलंसुरलं का द्यावं? श्रीमंताच्या कपाटात जे असतं तेच त्यालाही मिळालं पाहिजे, मग तो ते आज वाचो की त्याची मुलगी वीस वर्षांनी वाचो. सार्वजनिक वाचनालयाच्या बाजूनं यापेक्षा चांगला युक्तिवाद शोधूनही सापडणार नाही.

याच मंत्रालयानं राजधानीतल्या गरीब वस्त्यांच्या शाळांमध्ये मुलांना न्याहारी सुरू केली. एलेना तोरेस या शिक्षिकेनं ते काम अंगावर घेतलं. दूध घातलेली कॉफी आणि पाव, असा साधा बेत. उपाशी मुलाच्या डोक्यात काही शिरत नाही हे तिथल्या मास्तरांना रोज दिसत होतं. न्याहारीच्या खर्चासाठी शिक्षकांनी आपल्या पगारातून पैसे दिले. आपल्याकडची शाळेतली खिचडी पाहिलेल्या वाचकाला यात नवल वाटणार नाही. शंभर वर्षांपूर्वी, यादवीतून नुकत्याच उठलेल्या देशात, एकाच खात्याच्या कारभारात पाव आणि पुस्तक शेजारी शेजारी होते.

आता या पावाची गोष्ट, कारण तीही सरळ नाही.

मेक्सिकोचं मूळ धान्य मका. गहू स्पॅनिश लोकांबरोबर सोळाव्या शतकात आला. तो तिथे पहिल्यांदा पेरला हुआन गार्रिदो यानं, तसा दावा त्यानं स्वतः १५३८ मध्ये राजाकडे केलेल्या अर्जात नोंदवून ठेवला आहे. गार्रिदो आफ्रिकेत जन्मलेला कृष्णवर्णी. स्पॅनिश सेनानी कोर्तेसच्या फौजेबरोबर आला आणि राजधानीजवळ जमिनीच्या तुकड्यावर स्थिरावला. तांदळाच्या पोत्यात गव्हाचे दोन-चार दाणे मिळाले आणि त्यांतून पीक धरलं, अशी आख्यायिका आहे. दाणे किती होते हा वाद बाजूला ठेवू. नव्या मुलखातला पहिला गहू एका आफ्रिकी माणसाच्या हातून रुजला, एवढं पुरे.

पण गहू रुजला तो प्रतिष्ठा घेऊन. पाव साहेबाचा, मक्याची तोर्तिया रयतेची. ज्वारीच्या भाकरीकडे आणि गव्हाच्या पोळीकडे आपण कोणत्या नजरेनं पाहत आलो हे आठवा, म्हणजे मेक्सिकोतला भेद वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. १८९९ मध्ये फ्रान्सिस्को बुल्नेस नावाच्या राजकारण्यानं तर या भेदाचा सिद्धान्तच मांडला: गहू खाणारे वंश पुढे जातात, मका खाणारे मागे राहतात. हे त्या काळी शास्त्र म्हणून खपलं!

खरं शास्त्र बुल्नेसच्या नाकाखाली प्रत्येक झोपडीत चाललं होतं. मेक्सिकोच्या बायका मका चुन्याच्या निवळीत शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी धुऊन पाट्यावर वाटतात. चुन्यामुळे साल सुटते, पिठाला चिकटपणा येऊन तोर्तिया थापता येते, आणि मक्यात अडकून राहिलेलं नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू शकतं. युरोपनं मका नेला, चुन्याची रीत नेली नाही. म्हणून इटलीत मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा या रोगानं गाठलं. मक्याचा फुगलेला पाव होत नाही, कारण गव्हात असतं तसं ग्लुटेन त्यात नाही. गव्हाच्या पिठात पाणी पडून ते मळलं गेलं की ग्लुटेनची लवचीक जाळी तयार होते, आंबवणातून निघणारा वायू त्या जाळीत कोंडला जातो आणि गोळा फुगतो. ज्वारी-बाजरीचंही मक्यासारखंच. त्यामुळे पाव चांगला आणि भाकरी वाईट, असं काही ठरत नाही.

तरीही मेक्सिकोनं पावाला आपलंसं केलंच. तिथला रोजचा पाव म्हणजे बोलियो. दोन्ही टोकांना निमुळता, वरून एक चीर दिलेला, कवच खरपूस आणि आत मऊ. तो सकाळी भट्टीतून काढलेला सकाळीच खायचा, कारण संध्याकाळपर्यंत तो चिवट होतो. त्याचा भाऊ तेलेरा, चपटा, अंगावर दोन खाचा. मधोमध कापून बीन्स, मांस, मिरची भरली की तोर्ता तयार. भूकंपाचा हादरा बसला की घरातलं वडीलधारं माणूस हातावर बोलियो ठेवतं: खा, धसका जाईल.

खानखोजे चापिंगोत आले ते या गहू-मक्याच्या भांडणात. त्यांनी दोन्ही पिकांवर काम केलं, शिवाय कडधान्यांवर. थंडीच्या कडाक्यात आणि पावसानं ओढ दिल्यावर तग धरणारा गहू हवा होता. पण त्यांचं नाव झालं ते मक्यामुळे. तेओसिंते हा मक्याचा रानटी पूर्वज मेक्सिकोत बांधावर आपोआप उगवतो. त्याच्याशी संकर करून त्यांनी नवी वाणं काढली आणि १९३० मध्ये त्यांवर पुस्तिका प्रसिद्ध केली. त्यांच्या कामाचे फोटो काढले तीना मोदोत्ती हिनं. ती मूळची इटलीची, कट्टर डावी, आणि विसाव्या शतकातल्या मोठ्या छायाचित्रकारांपैकी एक. तिच्या कॅमेऱ्यातून मक्याचं कणीस एखाद्या शिल्पासारखं दिसतं. रिवेरा, मोदोत्ती आणि खानखोजे ही चित्रकार, छायाचित्रकार आणि शेतीतज्ज्ञाची दोस्ती आज आपल्या एखाद्या कृषी विद्यापीठात कल्पून पाहा.

मक्यापेक्षाही मोलाचं काम शाळांचं. चापिंगोत प्रवेश मिळायचा तो शिकलेल्या पोरांना. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या जमिनीत राबून आता क्रांतीनंतर स्वतःचा तुकडा मिळवला होता, त्या मोठ्या वयाच्या शेतकऱ्यांचं काय? खानखोजे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२८ च्या सुमारास आसपासच्या खेड्यांत मुक्त कृषी शाळा सुरू केल्या. एका शाळेला नाव दिलं एमिलियानो झापाटाचं, म्हणजे जमिनीसाठी लढून मारल्या गेलेल्या शेतकरी नेत्याचं. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही, वयाची अट नाही. बियाणं कसं निवडायचं, माती कशी राखायची, कीड कशी ओळखायची, हे शेतातच उभं राहून शिकायचं. ज्याची शाळा सात-आठ वर्षांच्या वयातच सुटली होती, तो चाळिशीत पुन्हा विद्यार्थी झाला. दुसरी संधी म्हणजे काय हे शिकवणाऱ्याला सांगावं लागत नव्हतं. तो स्वतः त्याच वाटेनं आला होता.

वास्कोन्सेलोसच्या वाचनालयांचं पुढे काय झालं? तो १९२४ मध्ये पायउतार झाला आणि उत्साह ओसरला. पैसा आटला, पुष्कळशा पेट्यांतली पुस्तकं विरली. १९२८ मध्ये रिवेरानं त्याच मंत्रालयाच्या भिंतीवर आपल्या जुन्या आश्रयदात्याला पांढऱ्या हत्तीवर बसवून त्याची टर उडवली. वास्कोन्सेलोस १९२९ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरला, कडवट झाला, आणि १९४० मध्ये नाझीधार्जिणं नियतकालिक चालवण्यापर्यंत घसरला. ज्यानं देशाला इतक्या पाट्या दिल्या त्याची स्वतःची पाटी अशी बिघडावी, हे वाचताना वाईट वाटतं. त्याचा विशीतला ग्रंथपाल मात्र टिकला. तोरेस बोदे युनेस्कोचा महासंचालक झाला, दोनदा मेक्सिकोचा शिक्षणमंत्री झाला, आणि त्याच्याच कारकिर्दीत १९६० पासून प्रत्येक प्राथमिक शाळेतल्या मुलाला पाठ्यपुस्तकं फुकट मिळू लागली. पेटीतलं पुस्तक पस्तीस-चाळीस वर्षांनी दप्तरात आलं.

गव्हाच्या गोष्टीतही असंच वळण आहे. खानखोजे पाव मोडताहेत त्याच मजल्यावर रिवेरानं दुसरी एक पंगत रंगवली आहे: वॉल स्ट्रीटचे धनाढ्य टेबलाभोवती बसलेत आणि हातात शेअरभावांच्या पट्ट्या आहेत. त्यांत जॉन डी. रॉकफेलर आहेत. आणि १९४० च्या दशकात चापिंगोच्या शेतात गव्हाच्या संशोधनासाठी पैसा ओतला तो रॉकफेलर फाउंडेशननं! १९४४ मध्ये नॉर्मन बोरलॉग तिथे दाखल झाले. तांबेऱ्याला दाद न देणारा, खत-पाणी भरपूर दिलं तरी न लोळणारा बुटका गहू त्यांनी घडवला. वर्षात दोन पिकं घेऊन, एक वायव्येच्या सोनोरा राज्यात आणि एक मध्य पठारावर, त्यांनी निवडीचा काळ निम्म्यावर आणला.

बोरलॉगच्या गव्हाचं श्रेय खानखोज्यांना देण्याचा मोह आपल्याकडे काही जणांना होतो. तो आवरावा. दोघांची बियाणी वेगळी आणि गिऱ्हाईकही वेगळं. बोरलॉगचा गहू ओलिताखालच्या मोठ्या शेतांत फळला. खानखोज्यांचा शेतकरी पावसाच्या भरवशावरचा, एका-दोन एकरांचा. त्यांनी पेरलं ते शिक्षण होतं, आणि त्याचा उतारा क्विंटलमध्ये मोजता येत नाही. खोटं श्रेय चिकटवून त्यांचं मोठेपण वाढणार नाही.

१९३६ मध्ये खानखोज्यांनी बेल्जियन वंशाच्या जीन सिंदिक यांच्याशी लग्न केलं. त्यांना दोन मुली झाल्या. देश स्वतंत्र झाल्यावर परतायचं म्हटलं तर ब्रिटिश काळातल्या काळ्या यादीतलं नाव आडवं आलं. राज्य बदललं तरी फाइल तीच. शेवटी अडथळा दूर झाला आणि उतारवयात ते नागपूरला येऊन राहिले. स्वतंत्र भारतात त्यांच्या वाट्याला मानमरातब बेताचाच आला. त्यांची मुलगी सावित्री साहनी यांनी लिहिलेल्या इंग्रजी चरित्राच्या नावाचा अर्थ आहे ‘मी कधीही माफी मागणार नाही’. पहिल्या आयुष्याबद्दल क्षमा मागून दुसरं मिळवायचं, हा सौदा त्यांनी केला नाही.

१९६६ मध्ये भारतानं मेक्सिकोहून लेर्मा रोहो आणि सोनोरा ६४ या वाणांचं १८ हजार टन बियाणं आणलं आणि त्या रब्बीला पेरलं. मेक्सिकोचा गहू उत्तर भारतातल्या शेतांत उभा असताना, जानेवारी १९६७ मध्ये, खानखोजे नागपूरला वारले. चापिंगोच्या आवारात त्यांचा पुतळा बसला तो २०२२ मध्ये. अनावरण लोकसभेच्या अध्यक्षांच्या हस्ते झालं.

ज्या १९६७ मध्ये खानखोजे गेले, त्याच वर्षी महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला. त्या कायद्याखाली आज राज्यात अकरा-बारा हजार शासनमान्य ग्रंथालयं आहेत. काहींची कुलपं महिनोन् महिने निघत नाहीत, काही गावाचा जीव आहेत. वीणा गवाणकर यांनी लिहिलेलं खानखोज्यांचं मराठी चरित्र, ‘डॉ. खानखोजे : नाही चिरा...’, आपल्या गावच्या वाचनालयात मागून पाहा. नसेल तर मागणीच्या वहीत नाव लिहून या, आणि महिन्याभरानं पुन्हा जाऊन विचारा.